फुटतूट रजिस्टर

अकरा वर्षं त्या कपाटाला कुलूप होतं.
काचेआड चंचुपात्रं, नरसाळी, परीक्षानळ्या;
आम्ही बाहेरून बघायचो,
खिशात पैसे नसताना जत्रेतलं दुकान बघावं तसे.
आधीचे सर म्हणायचे, ऑडिट असते, हात लावू नका,
आणि फळ्यावर नळीचं चित्र काढायचे,
चित्राला बाण, बाणापुढे नाव.
तेवढं पेपराला पुरायचं.

निखाडे मॅडम मोहदरीत आल्या
त्या एसटीतून उतरल्या तेव्हा हातात डबा होता
आणि पिशवीत एक पाना.
किल्ली कोणालाच सापडेना.
मॅडमनी तिसऱ्या दिवशी कोयंडाच उचकटला.
आत एका नळीत कोळ्यानं घर केलेलं,
पांढरं, नीट विणलेलं.
"पाहा," म्हणाल्या, "एकटा हाच वापरत होता."

मग त्यांनी दुसरी नळी उचलली,
सगळ्यांना दाखवली,
आणि सोडून दिली.

एवढासा आवाज.
सत्तावीस पोट्ट्यांचे श्वास जागच्या जागी.
मॅडम नवी वही उघडून लिहू लागल्या, मोठ्यानं वाचत:
परीक्षानळी, नग एक.
फोडणार: पु. वा. निखाडे.
कारण:
इथं जरा थांबल्या.
कारण: भीती.
"झालं. पहिली माह्या नावावर. आता काऊन भेता? या अठी."

आणि आम्ही गेलो.
होळीआधी पळसाची फुलं उकळली,
चुन्याच्या निवळीनं त्यांचा रंग गडद केला,
लिंबानं परत फिका.
प्रफुल्ल डंभारेनं ताप मोजायचा थर्मामीटर
गरम चहात बुडवला.
कारण: चहाला ताप आहे का पाहणे.
मॅडमनी आधी सगळ्यांना बाहेर काढलं,
पाऱ्याचे मणी कागदावर धरून बाटलीत भरले,
मगच हसल्या.

त्या वर्षी तालुक्याच्या पाणी-प्रयोगशाळेतून
त्यांनी गुलाबी पाण्याची एक बाटली आणली.
"आपापल्या घरचं पाणी आणा."
विहिरीचं आलं, नाल्याचं आलं,
मी आणलं आमच्या मोहल्ल्यातल्या हातपंपाचं,
अख्ख्या गावात गोड म्हणून नाव असलेलं.
थेंब टाकले.
गुलाबी गेला. पिवळं झालं.

मॅडम काही बोलल्या नाहीत.
आमच्या दातांकडे बघितलं त्यांनी,
तपकिरी रेघांच्या दातांकडे,
ज्यांना आजी दैवाची खूण म्हणायची.
मला माझ्या भावाचे गुडघे आठवले,
चालताना एकमेकांना घासणारे.

चंचुपात्र, अडीचशे मिली, नग एक.
फोडणार: वनिता म. गेडाम.
कारण: पिवळा.

पंपाला लाल रंग लागायला पुढची दोन वर्षं गेली.
अकरा अर्ज. सगळे आमच्याच अक्षरात,
शेवटी आकडा, आकड्यापुढे एकक.
"एकक नाही लिहिलं त कोणी ऐकत नाही," मॅडम म्हणायच्या.
भावाचे गुडघे तसेच राहिले.
त्याच्या पोरीचे दात पांढरे आहेत.

ऑडिट शेवटी आलंच.
फुटतुटीचे एक हजार एकशे चाळीस रुपये
मॅडमच्या पगारातून कापले गेले.
प्रत्येक पानावर शिक्का: वसूल.
परवा त्यांच्या निरोपाला गेले
तेव्हा ती वही रद्दीच्या गठ्ठ्यात होती, मी मागून घेतली.
प्रफुल्ल आता रक्त तपासतो, वणीत.
मनीषा भोयर महावितरणच्या खांबावर चढते.
मी आयटीआयला शिल्पनिदेशक, वीजतंत्री.
सगळे त्या वहीत आहेत.
ज्यांनी कधीच काही फोडलं नाही
त्यांची नावं मला आठवत नाहीत, हे बरोबर नाही, पण खरं आहे.

आज वर्कशॉपमध्ये पहिल्या वर्षाच्या एका पोरीनं
मल्टिमीटर जाळला.
वास सगळीकडे. ती भिंतीला टेकून उभी,
हात ओढणीत लपवलेले.
मी वही उघडली. नग एक. नाव विचारलं.
सांगितलं तिनं, जेमतेम ऐकू येईल असं.

कारण?

ती विचार करते आहे.
मी पेनाचं टोपण काढून बसले आहे.
घाई नाही.